बिनजाळीचं कव्हर

सूचना १. सायकल बाहेर राहणार असेल तर साखळी सांगाड्यातून आणि मागच्या चाकातून ओवून जमिनीत पुरलेल्या लोखंडाला बांधावी. नुसत्या पुढच्या चाकाला बांधू नये. कधीही नाही.

मास्तरांच्या दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक कव्हराच्या खिशात एक छापील चिठ्ठी असते. गाडीच्या कव्हराची चिठ्ठी वेगळी, यंत्राच्या कव्हराची वेगळी. सायकलची चिठ्ठी धाकटीनं सांगितली आणि मास्तरांनी लिहून घेतली, कारण दुकानात सायकलवरून येणारी ती एकटीच. 'कधीही नाही' हे दोन शब्द मात्र तिनं मागाहून घालायला लावले.

त्याचं कारण असं.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. घर दोन मजली. खाली थोरले दीर आणि जाऊबाई, वर ती आणि नवरा, मधे जिना. जिन्याखाली तिरकी, कोरडी जागा, आणि त्या जागेत नऊ वर्षं धाकटीची सायकल. काळी, जड, मागे कॅरियर, सीटवर तिनं स्वतःच्या हातानं शिवलेलं रेग्झिन. सकाळी जिना उतरायचा, सायकल बाहेर काढायची, अठरा मिनिटांत दुकान. त्या अठरा मिनिटांत ती कुणाची सून नसायची, कुणाची बायको नसायची.

मग भावजींचं पोट सुटलं. डॉक्टर म्हणाले, हालचाल करा. दुसऱ्या माणसानं चालायला सुरुवात केली असती. भावजींनी एकवीस गिअरची सायकल आणली. शेवाळी रंगाची, नाजूक अंगाची, आणि कौतुक तर असं, की जाऊबाईंनी तिचं नाव 'हिरवी सवत' ठेवलं. धाकटी तेव्हा दोन दिवस आईकडे गेली होती. जिन्याखाली जागा एकीचीच. भावजींनी धाकटीची सायकल फाटकाबाहेर नेली, पुढच्या चाकातून साखळी घालून फाटकाच्या गजाला बांधली आणि किल्ली खुंटीला टांगून निवांत झोपले.

धाकटी परत आली तेव्हा फाटकाला साखळी होती. साखळीला कुलूप होतं. कुलपात चाक होतं. बाकी काही नव्हतं.

"कुलूप लावलं होतं हं मी," भावजी म्हणाले. "हे बघ, अजून लागलेलंच आहे."

"भावजी, दोन नट सोडले की चाक निघतं."

"ते मला काय ठाऊक? आणि चोर काय माझा पाहुणा होता? पण चाक तरी राहिलं ना!" असं म्हणून ते हसले. शेजारीही हसले. नवरासुद्धा हसणार होता, पण त्यानं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि खोकला काढला.


सूचना २. कव्हर घालण्यापूर्वी सायकल पूर्ण कोरडी करावी.

धाकटीला नवी सायकल नको होती. हे नीट ध्यानात ठेवायला हवं, कारण घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. नवऱ्यानं दोनदा म्हटलं, दुसरी घेऊ. ती नको म्हणाली. तिला एक वाक्य हवं होतं. भावजींच्या तोंडून, चार माणसांत, जशी चार माणसांत चेष्टा केली तसंच: मी बाहेर काढली, माझं चुकलं.

तीन महिने तिनं वाट पाहिली. वाक्य यायला जागा करून दिली. जेवताना विषय काढला. रोज दोन बस बदलून घामेजून घरी यायची तेव्हा मुद्दाम त्यांच्याच दारासमोर चपला काढायची.

"आज उशीर झाला का गं?" भावजी पेपरातून विचारायचे.

"रोजच होतो."

"बस म्हणजे वैतागच," भावजी म्हणायचे आणि पान उलटायचे.

आतल्या आत ओलं राहिलं की काय होतं, हे अकरा वर्षं कव्हरं बेतणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको.


मागणी. (ही चिठ्ठीत नाही.)

"अगं, तू कव्हरं शिवतेस ना?"

"मी बेतते. शिवणाऱ्या वेगळ्या."

"तेच ते गं. तुझ्या जाऊबाईंनी जिन्याखाली कपाट आणायचं ठरवलंय. माझी सायकल आता अंगणात. तिला एक कव्हर करून दे की."

"देते की."

"पक्कं हवं हं. पाऊस तोंडावर आलाय. थेंब आत जाता कामा नये."

"थेंब आत जाणार नाही, भावजी."

"घरचंच काम म्हणून टाळाटाळ करशील."

"छे! घरच्या कामाला तर मी जास्तच जीव लावते."


सूचना ३. कव्हराच्या दोन्ही बाजूंना, हँडलच्या उंचीवर, झडपेखाली जाळी असावी.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाणी वरून येतं. खरं पाणी खालून येतं. ओल्या जमिनीची वाफ वर चढते, ऊन पडलं की आतली हवा तापते, थंड झाली की कापडाच्या आतल्या अंगाला दव धरतं आणि ते थेंबथेंब लोखंडावर गळतं. म्हणून जाळी. म्हणून कव्हराची खालची कड जमिनीपासून वीतभर वर. म्हणून आत अस्तर नाही, कारण अस्तर पाणी पितं आणि धरून ठेवतं.

धाकटीनं दोन रविवार घरच्या मशीनवर बसून काम केलं. दुकानातलं सगळ्यात जाड, मेण चढवलेलं कापड मास्तरांना विचारून आणलं. प्रत्येक शिवण दुहेरी घातली, वरून पट्टी चिकटवली. आतून मऊ, जाडसर फलालीनचं अस्तर लावलं. खालची कड जमिनीला टेकेल अशी आखली आणि तिच्यात इलॅस्टिक ओवलं. आणि जाळी लावली नाही. एकही नाही. एखाद्या माणसाच्या नाकातोंडावर हात दाबून धरावा, पण शिवणीनं, मापात, असं ते कव्हर झालं.

हाताला इतकी गोडी कधी लागली नव्हती. ती गुणगुणत होती.

नवरा दारात उभा राहून बघत होता. "किती मन लावून करतेस गं. म्हणजे राग गेला?"

"गेला की."

"मी म्हणतच होतो, जाऊ दे."

नवऱ्याचं 'जाऊ दे' घरात मिठासारखं होतं. सगळ्यात पडायचं.

भावजींनी कव्हर हातात घेतलं, उलटं केलं, अस्तरावर गाल घासला. "अगं, हे तर आतून दुलई आहे! रंगाला ओरखडा म्हणून पडायचा नाही." जाऊबाईंना हाक मारली, शेजाऱ्यांना दाखवलं. कव्हराच्या खिशात धाकटीनं दुकानाचा बिल्ला शिवला होता. सवयीनं शिवला होता, आणि ते तिला पुढे महागात पडायचं होतं. चिठ्ठी मात्र घातली नव्हती.


सूचना १, पुन्हा. तोंडी.

"साखळी अशी नाही, भावजी. थांबा, मी दाखवते."

अंगणात पाण्याच्या टाकीचा लोखंडी खांब होता. धाकटीनं स्वतः साखळी सांगाड्यातून घेतली, मागच्या चाकातून घेतली, खांबाभोवती आवळली. कुलपाचं तोंड खाली ठेवलं, म्हणजे पाणी शिरणार नाही. साखळी जमिनीवर लोळू दिली नाही, कारण जमिनीवर टेकवून घण घालायला सोपी जाते. कव्हराला मागच्या चाकाशी दोन पितळी रिंगा ठेवल्या होत्या, त्यातून साखळी बाहेर काढली, म्हणजे वाऱ्यानं कव्हरही उडायचं नाही.

भावजी कमरेवर हात ठेवून बघत होते. "बघ, वाईट अनुभवातून माणूस शिकतो."

"हो ना."

"मनात ठेवलं नाहीस, हे मला आवडलं."

धाकटीनं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. रोज संध्याकाळी ती ते ओढून बघायची. एका भुरट्यानं एकदा तिची सायकल नेली होती. आता ही कुठल्याही भुरट्याला ती नेऊ देणार नव्हती. हिरव्या सवतीवर तिच्याइतका डोळ्यांत तेल घालून पहारा खुद्द भावजींनी कधी केला नाही.


सूचना ४. पावसात आठवड्यातून एकदा कव्हर काढून सायकलला हवा द्यावी.

पाऊस. भावजींनी सायकल धुतली आणि ओलीच झाकली.

पाऊस. जाऊबाई म्हणाल्या, पोट पुन्हा सुटलंय. भावजी म्हणाले, पाऊस थांबू दे.

ऊन. धाकटीनं जाता जाता कव्हरावर हात ठेवला. कापड तव्यासारखं तापलं होतं. आत काय शिजत असेल ते तिला डोळ्यांसमोर दिसलं. बस चुकली तरी तिला वाईट वाटलं नाही.

पाऊस. "जरा फिरवून आणा की सायकल," ती म्हणाली. तिलाच राहवेना. भावजी म्हणाले, "एवढ्या छान कव्हरात आहे, उगाच कशाला भिजवू?"

पाऊस, पाऊस.

ऊन, मग पाऊस. ती आता रात्रीच्या जेवणात दोन घास जास्त खात होती. नवरा म्हणाला, तुला हवा मानवली.

सातवा आठवडा. कव्हराच्या कडेपाशी जमिनीवर तपकिरी ओघळ आला. बोटभर. तिनं चपलेनं माती ओढून झाकला.


उघडणं.

रविवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. भावजी टोपी घालून अंगणात आले. धाकटी वरच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी होती. तिला कळलं होतं. टोपी दिसली तेव्हाच कळलं होतं.

कुलूप निघालं, कव्हर निघेना. आतून चिकटलं होतं. भावजींनी ओढलं, आणि ते एकदम सुटलं, आणि कुजक्या फडक्याचा वास गॅलरीपर्यंत आला.

चेन लाल होती. नुसती लाल नव्हे, एकसंध. कडी कडीला धरून बसली होती. सीटवर पांढरी लव उगवली होती, हँडलच्या मुठींवर काळी. ब्रेक दाबला तो दाबलेलाच राहिला. चाकाच्या तारांवर गंजाचे फोड, एकवीस गिअरचे दाते एकमेकांत मिसळून गेलेले. भावजींनी पेडलवर पाय दिला. पेडल हललं नाही, सगळी सायकल त्यांच्या अंगावर आली.

धाकटीनं चहाचा घोट घेतला. तसा चहा तिनं आयुष्यात प्यायला नव्हता.

"काय झालं हो?" जाऊबाई बाहेर आल्या आणि तोंडाला पदर लावला. "ई! ही तर सडली!"

आता ते वर बघतील. आता त्यांना उमजेल. धाकटी कठड्याला टेकून थोडी पुढे झाली, म्हणजे त्यांना ती नीट दिसावी.

भावजींनी वर पाहिलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कीव होती.

"राहू दे," ते जाऊबाईंना म्हणाले, हळू, पण गॅलरीत ऐकू जाईल एवढं. "तिला काही बोलू नकोस. बिचारीनं मनापासून शिवलं होतं. पण हात लागतो त्याला. नाही तिला ते जमत."

चहा गार झाला.


जाळी कुठे आहे?

हा प्रश्न मास्तरांचा. भावजी दुसऱ्या दिवशी कव्हराची गुंडाळी काखेत मारून दुकानात गेले. बिल्ल्यावर पत्ता होताच. गिऱ्हाइकं उभी असताना त्यांनी कव्हर टेबलावर पसरलं आणि म्हणाले, भांडायला आलो नाही, घरची मुलगी आहे, पण दुकानाचं नाव आहे म्हणून दाखवतो.

मास्तरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. चष्मा वर केला.

"बाई, जाळी कुठे आहे?"

धाकटीनं हातातली कातरी टेबलावर ठेवली.

"विसरलात?"

खरं सांगितलं तर घरात आग. खोटं सांगितलं तर काही नाही, फक्त अकरा वर्षांचा हात. तिला वाटलं, हात काय, पुन्हा कमावता येईल.

"विसरले," ती म्हणाली.

मास्तर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्यासमोरची मोठी कातरी उचलली आणि पलीकडच्या बाईच्या हातात दिली. त्या बाईला सरळ रेघ कापायला पट्टी लागायची. "तुम्ही थोडे दिवस रिंगांवर बसा," ते म्हणाले.

रिंगांवर म्हणजे कोपऱ्यातल्या पाटावर. ताडपत्रीच्या कडेला भोक पाडायचं, पितळी रिंग बसवायची, हातोडी. भोक, रिंग, हातोडी. नव्यानं आलेल्यांचं काम. शिवणाऱ्या बाया तिच्याकडे न बघता बोलायच्या आणि ती येताच बोलणं बदलायच्या. त्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "माझ्या गाडीचं कव्हर कोण बेतणार? त्या बाई नाहीत ना?"

घरी भावजी फार प्रेमानं वागत होते. सगळ्यात असह्य तेच. जिन्यात भेटले की खांद्यावर थोपटायचे. "मनाला लावून घेऊ नकोस. चुकतं माणूस." तीन महिने जो शब्द तिला हवा होता, तो त्यांनी उचलून तिच्याच गळ्यात घातला होता.


शनिवारी.

दुरुस्तीला टाकलेल्या सायकलसाठी भावजी नवं कव्हर न्यायला आले. दुकानाच्या नावासाठी मास्तरांनी ते फुकट करून द्यायचं कबूल केलं होतं. पट्टीवाल्या बाईनं बेतलं होतं. एका बाजूची जाळी दुसरीपेक्षा दोन बोटं खाली होती. धाकटीला ते कोपऱ्यातूनही दिसत होतं.

"वा!" भावजी म्हणाले. "हे बघ, शीक जरा. याला म्हणतात काम."

हातोडी थांबली.

"भावजी, जाळी मी विसरले नव्हते."

"असू दे गं. झालं गेलं..."

"मास्तर, ते जुनं कव्हर काढा. त्यात एक टाका वाकडा दाखवा. एक."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग मांडणीखालून जुनं कव्हर ओढलं, उलटं केलं, खिडकीशी नेलं. अंगठा शिवणीवरून फिरवत गेले. कडेपर्यंत आले, कड मापली. अस्तराचा जोड बघितला, तो सापडायलाच त्यांना वेळ लागला. मशीनं एकेक करून थांबली.

"अस्तर फलालीनचं," मास्तर स्वतःशीच म्हणाले. "कड बरोबर जमिनीला. पट्टी प्रत्येक शिवणीवर, म्हणजे सुईच्या भोकातूनही वाफ जायची नाही." त्यांनी चष्मा काढला. "बाई, हे चुकून होत नाही. चुकलेलं काम कुठेतरी सैल असतं. हे फार जमून आलंय."

"म्हणजे काय?" भावजी म्हणाले.

"म्हणजे तुमची सायकल या बाईंनी गंजवली. बसून, मापं घेऊन."

भावजींच्या चेहऱ्यावरची कीव आधी गेली. मग रंग गेला. "मुद्दाम?"

"मुद्दाम," धाकटी म्हणाली. हा शब्द म्हणताना तिचे खांदे सरळ झाले. "दोन रविवार लागले."

"त्या खटाऱ्यासाठी? सख्ख्या दिराशी? लाज नाही वाटत?"

"वाटली असती, काम वाईट झालं असतं तर."

एक शिवणारी बाई फिसकन हसली आणि तिनं तोंड कापडात घातलं.

"घरी चल, बघतो मी. तुझ्या नवऱ्यासमोर..."

"तो 'जाऊ दे' म्हणेल. इथेच बोला. मी आईकडे गेले होते. जिन्याखालून माझी सायकल कुणी बाहेर काढली?"

"जागा नव्हती म्हणून..."

"कुणी?"

भावजींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर कव्हराची घडी घालत होते, आणि ती घडी त्यांना काही केल्या जमत नव्हती. बायांकडे पाहिलं. सात बाया, सात सुया, सगळ्या वर.

"बरं, मी काढली. कुलूपही चुकीचं लावलं, माझं चुकलं, मान्य. पण..."

"'पण'च्या आधी थांबा," धाकटी म्हणाली. "तेवढंच पुन्हा म्हणा."

बाहेर थेंब पडायला लागले होते.

"मी काढली," भावजी म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "माझं चुकलं."

"ऐकलं," मास्तर घडीकडे बघत म्हणाले.

भावजींनी नवं कव्हर घेतलं नाही. टेबलावर तसंच ठेवून, या दुकानातलं काहीच अंगाला लागायला नको अशा घाईनं ते निघाले. छत्री आणली नव्हती. दारातून ते कोपऱ्यापर्यंत भिजत गेलेले सगळ्या बायांनी पाहिले, आणि धाकटीनं सगळ्यांपेक्षा जास्त वेळ पाहिलं.

मग ती टेबलाशी आली. कातरीकडे हात गेला तिचा.

"नाही," मास्तर म्हणाले. "विसरला असतात तर सोमवारी मी स्वतः कातरी हातात दिली असती. तुम्ही मुद्दाम केलंत, आणि माझा बिल्ला लावून केलंत. पाऊस संपेपर्यंत रिंगा."

"चालेल."

"आणि घरी काय होईल?"

"होईल ते होईल."

मास्तरांनी ते जुनं कव्हर पुन्हा एकदा उलगडलं आणि अस्तराचा जोड शोधायला लागले.

धाकटी कोपऱ्यात गेली, पाटावर बसली, ताडपत्री मांडीवर ओढली. भोक, रिंग, हातोडी. दुकान बंद व्हायच्या आत पितळी रिंगांचा डबा रिकामा झाला, आणि तिनं दुसरा मागितला.